धाकटीचं ऊन

माझी धाकटी बहीण जन्मली ती दुधासारखी पांढरी. केस पांढरे, पापण्याही पांढऱ्या. आमच्या कोळीवाड्यात असं मूल कुणी पाहिलं नव्हतं. शेजारीण आईला म्हणाली, "खोबरेल चोळ नि रोज उन्हात बसव. रंग चढंल."

आईला ते पटलं. रोज सकाळी ती बहिणीला तेल चोळून खळ्यावर न्यायची आणि बांबूंवर बोंबील वाळत घालताना जवळ बसवायची. पोर लाल व्हायची, खांद्यावर फोड यायचे. "रंग धरतोय," आई म्हणायची. बहीण सहा वर्षांची झाली, पण रंग काही धरला नाही.

स्वातंत्र्याला तेव्हा दहाएक वर्षं झाली असतील. मी रेवदंड्याच्या शाळेत सातवीत होते. एकदा गुरुजी हवेबद्दल शिकवत होते. खूप उंचावर ओझोन नावाचा वायू आहे, सूर्याचे भाजणारे किरण तो वरच अडवतो, म्हणून आपण जगतो, असं ते म्हणाले. "तरी थोडे खाली येतातच. तेवढे सोसायला कातडीतला रंग लागतो."

मी धावत घरी आले. आई कोळंबी सोलत होती. सगळं एका दमात सांगून मी म्हटलं, "आये, तिच्या कातडीत रंगच न्हाय. तिला ऊन सोसत न्हाय!"

आईचे हात थांबले.

"म्हंजे इतकी वर्षं मीच भाजली तिला?"

'न्हाय' म्हणायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी बाबांनी खळ्यावर नारळाच्या झापांचा मांडव घातला. बहीण त्याच्या सावलीत बसून जाळी विणायला शिकली. फोड बरे झाले. कानामागची एक जखम मात्र भरेना. पुढं अलिबागला डॉक्टरांनी ती कापून काढली; उन्हानं झालेल्या कॅन्सरची सुरुवात होती, म्हणाले. बहीण वाचली. आज तिला नातवंडं आहेत.

आई मात्र त्या मांडवात कधी बसली नाही. भर दुपारी उघड्या डोक्यानं उन्हात राबायची. बोलावलं तर म्हणायची, "मला काय होतंय?" बहीण एकदा तिला बिलगून म्हणाली, "आये, मला उन्हाचं काय आठवत न्हाय. तू तेल चोळायचीस, तेवढंच आठवतंय." ते ऐकून आईला रडूच फुटलं.

खरं तेच मी सांगितलं होतं, आणि त्यानं बहीण वाचली. तरी आईचे ते थांबलेले हात आठवले, की वाटतं, जरा हळू सांगायला हवं होतं.