वस्तीची गाडी कोणी काढली

माझ्या बायकोला माझ्याबद्दल जवळजवळ सगळं माहीत आहे. हे नाही. डेपोत माझ्यासोबत आयुष्य काढलेल्या माणसांनाही नाही. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा आता मुकुंदचे वडीलही गेले, म्हणून असेल. खरं कारण मला नीट सांगता येत नाही. सांगायला बसलोय, एवढं खरं.

मी रत्नागिरीच्या बसस्टँडवर वाहतूक नियंत्रक होतो. लोक कंट्रोलर म्हणतात. काचेच्या खोलीत बसायचं, कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागलीय ते माइकवर सांगायचं, चालक-वाहकांना ड्युट्या लावायच्या, गाडी बंद पडली की दुसरी शोधायची, आणि उरलेल्या वेळात पब्लिकच्या शिव्या खायच्या. ही ऐंशीनंतरची, त्या दशकाच्या मधली गोष्ट. मी आमच्या घरातला पहिला बी.ए. घरातलाच काय, वाडीतलाही पहिला. नाचणीची भाकरी खाऊन शिकलो, आणि हे सांगायची मला कधी लाज वाटली नाही — उलट जरा जास्तच सांगत असेन. म्हणून स्टँडवर माझं नावच पडलं ‘बीए’. बीए, चहा सांगू? बीए, जयगड लागली का? प्रेमाने म्हणत नव्हते. तेवढं कळायचं मला.

माझी पाळी संध्याकाळची. सकाळच्या पाळीला मुकुंद असायचा. हेडमास्तरांचा मुलगा. तोही पदवीधरच होता, पण त्याला कोणी बीए म्हणत नसे.

त्याच्याबद्दल काय सांगू? ड्युटीवर उशिरा यायचा, शर्टाचं एक बटण कायम उघडं, टेबलावर सगळा पसारा. आणि सगळ्यांचा जीव त्याच्यावर. मिरकरवाड्याच्या कोळणी मासळीच्या पाट्या घेऊन गाडीत चढायला लागल्या की चालक कुरकुर करायचे. मुकुंद माइकवर म्हणायचा, “देवरुख गाडीतल्या मावश्यांनी पाट्या मागे ठेवाव्यात. पुढे ठेवल्या तर शिवराम ड्रायव्हर गाडी देवरुखला न नेता सरळ आपल्या घरी नेईल.” अख्खा फलाट हसायचा. मावश्या पाट्या मागे न्यायच्या. शिवरामही हसायचा, ज्याला मी कधी हसताना पाहिलं नव्हतं.

मी एकदा तसा विनोद करून बघितला. घरून ठरवून गेलो होतो. माइकवर बोललो — कोणी हसलं नाही. थोड्या वेळाने लतीफभाई वाहक काचेतून डोकावला. म्हणाला, “काय बीए, बरं नाय वाटत का? चहा सांगू?”

तुम्ही हसलात ना? मीही आता हसतो. तेव्हा मात्र रात्रभर मला झोप आली नव्हती. माझ्या पाळीत गाड्या वेळेवर सुटायच्या. त्याच्या पाळीत एखादी म्हातारी धावत येताना दिसली की तो गाडी थांबवायचा. वेळेवर सुटलेली गाडी कोणाच्या लक्षात राहते? थांबवलेली राहते. हे मला समजत होतं आणि समजून काही उपयोग नव्हता. तो समोर आला की मी रजिस्टरात डोकं घालायचो. तो चांगला वागायचा — त्याचा तर जास्तच राग यायचा.

आता शिमग्याकडे येतो. टाळत होतो इतका वेळ.

आमच्याकडे शिमगा म्हणजे काय ते बाहेरच्यांना सांगून कळत नाही. देवाची पालखी घरोघर येते, आणि मुंबईचा माणूस नोकरीवर लाथ मारून येतो. त्या संध्याकाळी मुंबईच्या गाड्या एकामागून एक रिकाम्या होत होत्या, आणि जयगडकडे जाणारी माणसं फलाटावर साचत चालली होती. त्यांच्या गावची पालखी त्याच रात्री निघायची होती. जादा गाडी नव्हतीच माझ्याकडे. सगळ्या बाहेर. लोक काचेवर थापा मारायला लागले. आणि मग गर्दीतला एक जण ओरडला, “अरे, ते मुकुंदराव कुठे हायत? त्यांना बोलवा कोणीतरी! ह्या माणसाच्यानं काय व्हायचं नाय!”

ह्या माणसाच्यानं.

फलाटाच्या टोकाला एक गाडी उभी होती. हमरस्त्यावरच्या हातखंब्यापासून आत असलेल्या एका गावाची वस्तीची गाडी. वस्तीची गाडी म्हणजे रात्री गावात जाऊन मुक्काम करणारी आणि सकाळी त्याच गावच्या लोकांना घेऊन रत्नागिरीला येणारी. ही आमच्या धंद्यातली पहिली शिकवण — वस्तीची गाडी काढू नये. रात्रीची फेरी रद्द केली की सकाळचीही आपोआप जाते, कारण सकाळी निघायला तिथे गाडीच नसते. नवशिक्यालाही हे माहीत असतं. मला माहीत नव्हतं? पक्कं माहीत होतं. मी माइक उचलला आणि म्हणालो, जयगडसाठी जादा गाडी सोडण्यात येत आहे.

काय आवाज झाला म्हणून सांगू! लोकांनी टाळ्या वाजवल्या. एका म्हाताऱ्याने काचेच्या भोकातून हात आत घालून माझा हात धरला. “देव तुमचं भलं करो, साहेब.” साहेब म्हणाला. त्या आतल्या गावचे चार-दोन प्रवासी होते, त्यांना मी सांगितलं, आज गाडी नाही, हातखंब्यापर्यंत दुसऱ्या गाडीने जा. ते बिचारे गेले. सकाळसाठी दुसरी गाडी पाठवायची, रात्रीच्या माणसाला तसं सांगून जायचं, असं मी मनाशी ठरवलं होतं. आणि विसरलो. घाईत नाही — आनंदात विसरलो. घरी जाताना मी चालत गेलो, शीळ घालत.

दुसऱ्या दिवशी दहावीचा पेपर होता.

त्या गावची पोरं सकाळच्या गाडीची वाट बघत थांब्यावर उभी. सकाळच्या पाळीला मुकुंद. वस्तीची गाडी आली नाही हे त्याच्या लक्षात आलं, आणि त्याने वर्कशॉपमधून अर्धवट दुरुस्त झालेली एक गाडी काढायला लावली, शिवरामला उठवलं आणि स्वतः शेजारी बसून गेला. पोरांना परीक्षेच्या दारात नेऊन सोडलं. पण एक मुलगी थांब्यावर नव्हती. सुनंदा. गाडी येत नाही असं बघून ती सडा, म्हणजे गावावरचं उघडं कातळाचं पठार, तुडवत पायवाटेने हमरस्त्याकडे निघाली होती, तिथे तरी काही मिळेल म्हणून. ती केंद्रावर पोचली तेव्हा दार बंद झालं होतं. घेतलं नाही तिला.

तिच्या घरातली ती दहावीपर्यंत पोचलेली पहिली. कळतंय ना तुम्हाला, मी काय सांगतोय ते? मी, ज्याने आयुष्यभर स्वतःच्या पदवीचा डंका वाजवला, त्याने.

ऑक्टोबरला पुन्हा बसता आलं असतं, असं मी मनाशी कित्येक वर्षं म्हणत आलो. तिच्या घरच्यांनी म्हटलं, बास झालं. काजूच्या कारखान्यात लावली तिला.

डेपो मॅनेजरने दुपारी आम्हा दोघांना बोलावलं. मी तेव्हा अजून कायम झालो नव्हतो. एक ठपका, आणि घरी. मॅनेजरने विचारलं, वस्तीची गाडी कोणी काढली? मी तोंड उघडायच्या आत — खरंच उघडणार होतो का? माहीत नाही — मुकुंद म्हणाला, “मीच सांगितलं होतं, साहेब. काल पाळी सोडताना मी ह्याला म्हटलं, गर्दी झाली तर ती गाडी काढ, सकाळी मी दुसरी पाठवतो. आणि साफ विसरलो.”

सगळ्यांना पटलं. तो उशिरा येणारा, पसारेवाला. त्याचंच काम वाटलं. त्याची देवरुखला बदली झाली, वर्षभर तो रोज जाऊन-येऊन करत होता. मी कायम झालो.

बाहेर आल्यावर तो एवढंच म्हणाला, “तुझ्या घरी खाणारी तोंडं जास्त आहेत रे.” मी आभार मानले नाहीत. त्या दिवशी नाही, नंतरही नाही. उलट — आणि हे सांगायला मला सर्वांत जड जातंय — त्या दिवसापासून माझा हेवा वाढला. आता तर त्याचं मोठेपण फक्त मला माहीत होतं. ते रोज काखेत गळवासारखं घेऊन फिरायचं. तो देवरुखहून परत आला तेव्हा चालकांनी त्याला हार घातला. शिक्षा भोगून आलेल्या माणसाला हार! मी कायम झालो तेव्हा मला कोणी पेढासुद्धा मागितला नव्हता.

दोन-तीन वर्षांनी मुकुंद गेला तो भर दिवसा. वर्कशॉपच्या दारात चहाचा ग्लास हातात घेऊन कोणाचीतरी टिंगल करत होता, आणि खाली बसला. बराच वेळ सगळ्यांना वाटलं, नाटक करतोय. चाळिशीही गाठली नव्हती.

माझ्या मनात पहिलं काय आलं? — आता कोणाला कळणार नाही. दुसरं काय आलं? स्मशानाकडे जाणारी गर्दी बघून आलं — माझ्या वेळी इतकी येतील का?

मग शोकसभा. चालक-वाहकांच्या विश्रांतीच्या खोलीत सतरंज्या घातल्या होत्या. मुकुंदचे वडील, रिटायर हेडमास्तर, भिंतीला न टेकता ताठ बसले होते. एकेक जण उठून बोलत होता. लतीफभाईने सांगितलं, त्याच्या आईला इस्पितळात न्यायचं होतं तेव्हा मुकुंदने आपली ड्युटी टाकून कशी धावपळ केली. कोळणी दारातच बसून पदराने डोळे पुसत होत्या. आणि मग शिवराम उठला.

“तो शिमगा आठवतोय काय रे?” शिवराम म्हणाला. “मेल्याने पब्लिकला पालखी गाठता यावी म्हणून वस्तीचीच गाडी देऊन टाकली! आणि दुसऱ्या दिवशी मला झोपेतनं उठवतो नि म्हणतो, शिवराम, घाण केली रे मी, चल. दरवाजा लागत नव्हता त्या गाडीचा. दोरीने बांधून नेली आम्ही!”

सगळे रडता रडता हसले. इतक्या मायेने हसले! मी ऐकत होतो. ती माझी चूक होती. माझ्या नावावर असती तर तिला कोणी माफ केलं नसतं, आणि त्याच्या नावावर गेली तर तिचीही आठवण झाली, गोड झाली. तुम्हाला विश्वास बसणार नाही — मला माझ्याच चुकीचा हेवा वाटला.

हेडमास्तर हसले नव्हते. त्यांनी हळू आवाजात विचारलं, “पोरांचे पेपर बुडाले का?”

शिवराम म्हणाला, “एकीचा बुडाला, सर.”

“मुकुंदने मला बदलीचं कारण वेगळं सांगितलं होतं,” ते म्हणाले. ज्या माणसाने आयुष्यभर परीक्षा घेतल्या, मुलांना पहाटे उठवून बसवलं, त्या माणसाचा चेहरा माझ्यासमोर उतरत गेला. मुलगा जाऊन पंधरवडा झाला नव्हता, आणि मुलगा पुन्हा जात होता. दोन शब्दांचं काम होतं. ‘मी केलं’ — एवढे दोनच. ते माझ्या तोंडून निघाले नाहीत.

मॅनेजर म्हणाले, शेवटी बीए बोलतील, त्यांना बोलता येतं. मी उठलो. आणि मी म्हणालो — शब्द न् शब्द आठवतो — “मुकुंद माणूस म्हणून मोठा होता. कामात थोडा ढिला होता, हे त्याच्या जवळच्या माणसाने लपवू नये. पण आज आपण त्याची ती चूक पोटात घालू या.”

माझ्या चुकीबद्दल मी त्याला माफ केलं. सगळ्यांच्या देखत, चांगल्या मराठीत. आणि पहिल्यांदाच त्या खोलीतली सगळी माणसं माझ्याकडे आदराने बघत होती. मला ते आवडलं. होय, आवडलं.

हेडमास्तरांनी उभं राहून हात जोडले. त्याच्या वतीने मी क्षमा मागतो, म्हणाले.

पुढच्याच आठवड्यात ते संध्याकाळी स्टँडवर आले. त्या मुलीच्या गावाला जायचं होतं त्यांना. मी त्यांना वस्तीच्या गाडीत खिडकीजवळची जागा दिली, वाहकाला सांगितलं, सर आहेत, नीट उतरव. माइकवर ती गाडी मीच पुकारली. रात्री ते कोणाच्यातरी पडवीत राहिले, आणि सकाळी त्याच गाडीने परत आले. मुकुंदच्या जागी सकाळीही मीच होतो; काचेपाशी येऊन थांबले. चेहरा झोप न झालेला.

“भेटलो,” म्हणाले. “मी हात जोडले. मुलगी काही बोलली नाही. तिच्या आईने चहा दिला.” मग म्हणाले, “तुम्ही सभेत स्पष्ट बोललात, म्हणून मला जायचं सुचलं. बाकीचे सगळे नुसतं गोड बोलत होते. तुमचे आभार मानतो.”

मी म्हणालो, “त्यात काय, सर. माझं कर्तव्यच होतं.”

त्यानंतरही ते बरीच वर्षं जगले. बाजारात भेटले की थांबून चौकशी करायचे, माझ्या मुलांच्या शिक्षणाबद्दल विचारायचे. मी सांगायचो. ते गेले तेव्हा मी खांदा दिला.

त्या गावाला मी आजपर्यंत गेलेलो नाही.