सुभेदारसाहेबांनी लाइन तोडली

लष्करातलं माझं शेवटचं पोस्टिंग डोंगरातल्या सिग्नल सेंटरमध्ये होतं. मी नालासोपाऱ्याचा, माझ्या जोडीचा लान्सनायक बस्त्याव पापडीचा. दोन्ही गावं वसईतली, पण तिथे कधी भेटलो नव्हतो, भेटलो ते बर्फात.

आमच्याकडे राउटर आणि स्विच, म्हणजे नेटवर्क जोडणारी यंत्रं, सांभाळायचं काम. तिथे माऊस चालत नाही, काळ्या पडद्यावर एकेक कमांड टाईप करायची. आमचे सुभेदार साताऱ्याचे. त्यांचा नियम होता: दूरच्या राउटरला हात लावण्याआधी त्याला दहा मिनिटांनी रीस्टार्ट व्हायची कमांड द्यायची. काम नीट झालं की ती रद्द करायची, मगच सेव्ह. चुकून लाइन तुटली तर राउटर रीस्टार्ट होतो, सेव्ह न केलेलं विसरतो आणि आपोआप जुन्या सेटिंगवर येतो.

त्या दुपारी वरच्या पोस्टवर एका जवानाच्या पोटात कळा येत होत्या. हेलिकॉप्टर पाठवायचं की नाही, हे डॉक्टर त्याला स्क्रीनवर बघून ठरवणार होते. ढग चढत होते. पोस्टच्या राउटरचा एक बिघडलेला पोर्ट, म्हणजे केबल जोडायचं तोंड, लाइन अडवत होता, तो बंद करायचा होता. सुभेदारसाहेब स्वतः बसले.

"साहेब, आधी रीस्टार्टची कमांड," बस्त्याव म्हणाला.

"एका ओळीचं काम आहे रे."

"तरी द्या साहेब."

कुरकुरत दिली. मग घाईत त्यांनी ज्या पोर्टवरून आमची लाइन येत होती, तोच बंद केला. पडदा गोठला.

रेडिओ खरखरला. "लाइन गेली. ओव्हर."

"दहा मिनिटं थांबा. ओव्हर," मी म्हणालो.

त्या थंडीत साहेबांना घाम फुटला. एरवी ते आमच्यावर ओरडले असते, पण आज ओरडणार कुणावर? बस्त्यावने ट्रंकेतून घरची सुकेळी, म्हणजे आमच्याकडची वाळवलेली केळी, काढून त्यांच्या हातात ठेवली. "खा साहेब. तोवर दुसरं काही करता येत नाही."

साहेबांनी सगळी संपवली.

दहा मिनिटांनी राउटर रीस्टार्ट झाला, लाइन आली. पुन्हा रीस्टार्टची कमांड देऊन साहेबांनी या वेळी बिघडलेलाच पोर्ट बंद केला. डॉक्टरांनी पाहिलं, ढगांच्या आधी हेलिकॉप्टर पोहोचलं आणि जवान वाचला. आठवडाभर साहेब दिसले की आम्ही तोंड फिरवून हसायचो.

पुढच्या हिवाळ्यात त्याच पोस्टची केबल जोडायला बस्त्याव वर गेला. बर्फाचा कडा कोसळला. पापडीच्या चर्चमध्ये त्याच्या पेटीला मी खांदा दिला, तेव्हा मला रडू आवरलं नाही. साहेब साताऱ्याहून आले होते. तेही रडले.

आता मी वसईजवळ सातिवलीच्या गोदामांमध्ये स्विच बसवतो. नव्या स्विचला आधी नाव द्यावं लागतं. परवा एका मालकाने पडद्यावरचं नाव वाचलं.

"बस्त्याव कोण?"

"पापडीचा. आता तुमची लाइन तो बघेल."