लाल झाकण, हिरवं झाकण

टाकीकाका म्हणूनच त्यांना सगळी बँक ओळखते. ही बँक पैशांची नव्हे. इथे दात्यांचं वीर्य गोठवून ठेवतात. रोज सकाळी टाकीत लाकडी पट्टी बुडवायची, तिच्यावर गोठलेली पांढरी रेघ मोजायची आणि गोठवणारा द्रव नायट्रोजन कमी असेल तर ओतायचा, हे काम काका वीस वर्षं करताहेत. हिरव्या झाकणाच्या नळ्या मूल मोठं झालं की त्याला दात्याचं नाव सांगणाऱ्या देशांसाठी, लाल झाकणाच्या न सांगणाऱ्यांसाठी. काकांचं कायद्याचं ज्ञान एवढंच, आणि तेवढ्यावर त्यांचं उत्तम चाललं होतं.

नोकरीच्या पहिल्या वर्षी दाते मिळेनात, तेव्हा जुन्या डॉक्टरांनी त्यांनाच गळ घातली. "उजव्या हाताचं दान डाव्या हाताला कळू द्यायचं नसतं," म्हणाले. काका तेव्हा बिनलग्नाचे आणि भिडस्त, हो म्हणून बसले.

या सोमवारी डाव्या हाताला कळलं. हल्लीच्या डॉक्टर मॅडमनी दोन पत्रं पुढे ठेवली. एका देशातली मुलगी, अठरा पूर्ण झालेली. दुसऱ्या देशातला मुलगा, तिच्याहून महिन्याने लहान. दोघांनी एकच विचारलं होतं : तो माणूस कोण?

"मुलीला नाव द्यावंच लागेल," मॅडम म्हणाल्या. "दोन ओळी लिहिल्यात तर त्याही पाठवू. मुलाला काहीच नाही. तिकडे बंदी आहे."

"पण मी तर एकच आहे ना?"

"कायदे दोन आहेत, काका."

"आणि इथला?"

"तुम्ही दिलंत तेव्हा इथे कायदाच नव्हता."

काकांनी घरी बायकोला सांगितलं. तिला दानाचं लग्नाआधीच ठाऊक होतं, म्हणून काका वाचले.

"मुलीला लिहा की," ती म्हणाली.

"आणि मुलाला?"

तिने चष्मा काढून पुसला. "त्याचं काय चुकलं, तेच मला कळेना."

काकांनाही कळेना. दुसऱ्या दिवशी त्यांनी मॅडमच्या टेबलावर दोन चिठ्ठ्या ठेवल्या, शब्दाला शब्द सारख्या. 'मी टाकी भरतो. आमच्या घरात चाळिशीत उजवा कान जातो. माझा गेलाय. तू वेळेवर दाखव.'

"दुसरी नाही पाठवता येणार, काका."

"कान काय देश बघून बहिरा होतो का, मॅडम?"

मॅडमनी मुलाची फाइल उघडली, पाहिली, मिटली.

"बरं, नका पाठवू. पण लिहून झालीय. आता ही ठेवू कुठे?"

काकांनी चिठ्ठी खिशात घातली आणि टाकीत पट्टी बुडवली. त्या दिवशी रेघ त्यांना तीनदा मोजावी लागली.