काकूंनी धरलेले हात

दुपारी शाळेतून येऊन मी चहा टाकला होता. फोनवर मानवतचा नंबर दिसला आणि सवयीनं आधी गॅस बंद केला. गिरिजाकाकूंचा फोन म्हणजे कुठल्यातरी गावात कुणाचातरी नवरा गेलेला असायचा आणि काकूंचं ठरलेलं वाक्य असायचं, "चल, निघायचंय." मग मी परभणीहून, त्या मानवतहून, अशा आम्ही दोघी मिळेल ती एसटी पकडून त्या घरी पोचायचो. या वेळी आवाज त्यांच्या सुनेचा होता. "ताई, आत्याबाई गेल्या. पूजेला बसल्या व्हत्या, तशाच…" पुढचं मला नीट ऐकू आलं नाही. आता कुणाच्या घरी जायचं हे सांगणारं कुणी उरलं नाही, एवढंच डोक्यात आलं.

काकू म्हणजे माझ्या चुलत्यांच्या पत्नी. मानवतला त्यांचं सरकी-पेंडीचं दुकान. काका अचानक गेले तेव्हा काकूंची चाळिशीही उलटली नव्हती. आमच्या लिंगायत घरांत बाईच्याही गळ्यात इष्टलिंग असतं, तीही स्वतःच्या हातानं पूजा करते. पण नवरा गेल्यावरची रीत मात्र शेजारीपाजारी असते तीच. काकांना उचलण्याआधी बायकांनी काकूंचे हात उंबऱ्यावर धरले आणि बांगड्या फोडल्या. एक काच मनगटात घुसली. तांदळाएवढा तो व्रण शेवटपर्यंत होता. वर्ष सरल्यावर एका बाजारच्या दिवशी काकू कासाराच्या दुकानात जाऊन बसल्या आणि त्यांनी हात पुढं केला. कासार गोंधळला. "वैनी, घरी इच्चारलंय का?" काकू म्हणाल्या, "हात माझे हायत, घराचे न्हाईत. भर." हा किस्सा त्यांनी इतक्यांदा सांगितला होता, की कासाराचं वाक्य मीच आधी म्हणून टाकायचे आणि त्या लटकं रागवायच्या.

त्या हिरव्या बांगड्या घालून काकू घरी आल्या आणि घरात कुणी त्यांच्याशी बोलेना. दिरांनी अबोला धरला. हळदीकुंकवाची बोलावणी तर आधीच बंद झालेली होती. दुसरं कुणी असतं तर कोपऱ्यात बसून राहिलं असतं, पण काकूंना गप्प बसणं जन्मात जमलं नाही. कुठं कुणाचा नवरा गेल्याचं कळलं की त्या न बोलावता जाऊन बसू लागल्या. भाषण नाही, घोषणा नाही, पत्रक नाही. त्या बाईशेजारी बसायचं, तिचे दोन्ही हात आपल्या मांडीवर घ्यायचे आणि घट्ट धरून ठेवायचे. कुणी बांगड्यांकडे हात नेला की नुसती मान हलवायच्या. दाराशेजारच्या खिळ्याला त्यांची कापडी पिशवी कायम तयार असे. तिच्यात टॉवेल, पाण्याची बाटली, विभूतीची डबी आणि बिस्किटांचा पुडा. "रडून रडून बाईला चक्कर येती, अन् तिला खाऊ घालायचं कुणाच्याच ध्यानात राहत न्हाई," असं म्हणायच्या.

माझा नवरा गेला तेव्हा ती पिशवी माझ्याही उशाशी होती. सासूबाई बांगड्या फोडायला पुढं आल्या. त्यांच्या पोटचा गोळा गेला होता, त्यांना तरी काय दोष देऊ! काकूंनी माझे हात सोडले नाहीत, पण सासूबाईंनाही त्यांनी जवळ ओढून बसवलं आणि म्हणाल्या, "वैनी, तुमचं दुःख लय मोठं हाय. हिचे हात रिकामे केल्यानं ते कमी व्हनार हाय का?" सासूबाई त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून मोठ्यानं रडल्या. माझ्या बांगड्या राहिल्या. त्या दिवशी मी काकूंची कायमची झाले.

एकदा काकू आमच्या शाळेत आल्या होत्या. वर्गातल्या भिंतीवर थोर समाजसुधारकांच्या तसबिरी आहेत. चष्मा पुसून पुसून त्यांनी एकेक पाहिली. सती बंद व्हावी म्हणून कोण कसं झगडलं, ते मी शिक्षिकेच्या उत्साहानं सांगितलं. त्यांनी तसबिरींना मनापासून हात जोडले. मग म्हणाल्या, "लय मोठं काम केलं. बाई जित्ती राह्यली. पर राह्यली तर तिनं जगावं कसं, हे बघायचं काम आता कुनाकडं हाय?" मी मुलांना पुष्कळ वर्षं इतिहास शिकवते आहे, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

पण सगळं जमूनच आलं असं नाही. झरी गावात सुनंदा नावाची तिशीतली बाई होती, नवरा नुकताच गेलेला. काकूंनी तिचे हात धरले, बायका थांबल्या, आणि सुनंदानंच ते ओढून घेतले. "फोडू द्या काकू. मला या गावात राह्यचंय, या लेकरांला वाढवायचंय." काकूंनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं आणि हात सोडले. काच फुटल्याचा आवाज मी ऐकला. परतीच्या एसटीत मी संतापले होते. एवढं येऊन काय उपयोग झाला, असं काहीतरी बोलले. काकू खिडकीकडं तोंड करून बसल्या होत्या. "हात तिचे हायत गं," एवढंच म्हणाल्या. त्या दिवशी नेहमीसारखं माझ्या खांद्यावर डोकं टाकून घोरल्या नाहीत.

मानवतला पोचले तेव्हा काकूंना भिंतीशी टेकवून बसवलं होतं, आमच्यात बसवूनच माती देतात. अंगावर आवडतं लुगडं, कपाळावर विभूती, मनगटात हिरव्या बांगड्या. म्हातारे दीर काठी टेकत पुढं आले. "जित्तेपनी ऐकलं न्हाई. आता तरी रीतीनं जाऊ द्या. बांगड्या काढा अन् मग लिंग हातात द्या." सून माझ्याकडे बघायला लागली. काकूंनी उभ्या जन्मात मिळवलेलं ते एवढंच होतं, आणि ते आता जाणार होतं. तेवढ्यात दारातून एक बाई बायकांना सारत आत आली, काकूंपुढं बसली आणि तिनं ते गार पडलेले दोन्ही हात आपल्या मांडीवर घेतले. तिची मनगटं रिकामी होती. सुनंदा होती ती.

"मामा, हात काकूंचे हायत," ती खालच्या आवाजात म्हणाली. "त्या असताना मी माझे सोडवून घेतले व्हते. आज मी सोडायची न्हाई."

भोवतीच्या बायका एकेक करून सरकत तिच्याजवळ आल्या. त्यांतल्या कितीजणींचे हात काकूंनी धरले होते, ते मला माहीत होतं. दीर काठीकडं बघत उभे राहिले. विधी करायला आलेल्या जंगमस्वामींनी इष्टलिंग काकूंच्या तळव्यावर ठेवलं. बांगड्या तशाच राहिल्या.

सुनेनं ती पिशवी मला दिली. आता ती आमच्या दाराशेजारी खिळ्याला असते. खरं सांगायचं तर काही आठवडे मी तिच्याकडे बघायचं टाळलं. गेल्या आठवड्यात झरीहून सुनंदाचा फोन आला. "ताई, आमच्या गल्लीत एकजन वारला. बायको लय लहान हाय. निघायचंय." मी बिस्किटांचा ताजा पुडा टाकला आणि निघाले. सुनंदा फाट्यावर उभी होती. मनगटं अजून रिकामीच. मी विचारलं नाही; काकूंनीही तिला कधी विचारलं नव्हतं. तिनं माझ्या हातातून पिशवी घेतली, काखोटीला मारली आणि माझ्यापुढं चालू लागली.