हरवलेले पासपोर्ट आणि फोरमनचे गाऱ्हाणे

ती घटना आठवली की आजही मला तोंड लपवावेसे वाटते. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, बुडालेली माणसे नदीतून काढली. त्या प्रकरणांवर चार माणसांत बसून बोलता येते. हे प्रकरण त्यामानाने किरकोळ होते. ना रक्त, ना हाणामारी, ना कोर्ट. तरीही मित्रांच्या गप्पांत मी ते कधी काढले नाही. आता लिहायला घेतले तेव्हा आधी संबंधित गृहस्थांना विचारले. 'बरय, पूण नाव घालू नकात,' एवढेच ते म्हणाले. म्हणून नाव घालत नाही.

तेव्हा माझी नेमणूक डिचोली तालुक्यातल्या एका ठाण्यात होती. मोपाचा विमानतळ सुरू झाला होता आणि खाणी बंद पडून बराच काळ लोटला होता. एके सकाळी पाळी गावाच्या बाजूचे एक वयस्क जोडपे तक्रार घेऊन आले. नवरा खाणीवरून फोरमन म्हणून निवृत्त झालेला, गावात सगळे त्यांना फोरमनच म्हणत. एके काळी त्यांच्या शिटीशिवाय खनिजाचा ट्रक हलत नसे. त्यांची बायको, जिला गावातला अख्खा वाडा, म्हणजे आळी, काकी म्हणायची, माझ्यासमोर बसली आणि फोरमन मागे भिंतीला टेकून उभे राहिले. ठाण्यात जोडपे आले की बहुधा नवरा बोलतो आणि बायको मधूनमधून दुरुस्त्या करते. इथे नवरा खिडकीतून बाहेर बघत होता. ते मला खटकले.

तक्रार अशी होती. त्यांची एकुलती एक मुलगी कॅनडात, पहिलटकरीण, दिवस भरत आलेले. बाळंतपणासाठी दोघे सहा महिने तिकडे जाणार होते. मोपाहून दिल्ली, आणि दिल्लीहून एका दमात कॅनडा. आठवड्यावर विमान आले असताना दोघांचे पासपोर्ट कपाटातून नाहीसे झाले होते. व्हिसा त्याच पासपोर्टवर. नवे काढायचे म्हटले तर नातवंड रांगायला लागेपर्यंत हातात येणार नाहीत.

"कोणावर संशय?" मी विचारले.

"आमच्या भाडेकऱ्यार," काकी म्हणाल्या. "विमान कंपनीक कायतरी म्हायती भरूची होती, ती तेणाच मोबाईलार भरल्यान. पासपोर्ट तेच्याच हातात होते. घरच्यासारखो वागयलो हो तेका. पण भायलो तो भायलोच."

भाडेकरू बेळगाव जिल्ह्यातला, पंचविशीचा, अजून लग्न न झालेला मुलगा. औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला. घरामागच्या खोलीत राहायचा. भाडेकरू पडताळणीची कागदपत्रे आमच्याकडे व्यवस्थित होती, त्याच्याविरुद्ध कुठे काही नव्हते. पण गोव्यातले पासपोर्ट चोरून विकतात अशी एक अफवा तेव्हा बाजारात फिरत होती, आणि अफवेला चेहरा लागतो. तो आयताच मिळाला होता.

मी हवालदाराला घेऊन पंचनाम्याला गेलो. कपाटात काकींची सोन्याची माळ जागच्या जागी होती. चोर सोने ठेवून पासपोर्ट नेईल हे माझ्या पचनी पडेना. हॉलमध्ये तीन खुर्च्या अगदी एकमेकींना चिकटवून ठेवल्या होत्या. कोणी पाहुणे येऊन गेले का, म्हणून विचारले.

"नाय हो," काकी म्हणाल्या, "हेंचा खूळ. हल्ली मधल्या खुर्चीर बसान घड्याळाकडे बघीत ऱ्हवतत. कपडेपण आपले आपणच धुतत. थयसर नोकर नाय म्हणान आतापासून सवय करतत."

मागे दोरीवर एकाच माणसाचे बरेच पायजमे वाळत होते. मी ते पाहिले आणि पुढे गेलो.

मुलाला ठाण्यावर बोलावून घेतले. आल्या आल्या त्याने सांगितले की ठेकेदाराने फोन करून कामावर येऊ नको म्हटले आहे. पोलिसांनी सोडल्याशिवाय गेटच्या आत घेणार नाहीत. गावाकडे आई त्याच्याच पगारावर होती.

"साहेब, सगळं मोबाईलवर भरलो आणि पासपोर्ट काकांच्याच हातात परत दिलो," तो म्हणाला.

"काका तर म्हणतात, आठवत नाही."

मी आवाज चढवला, उतरवला, चहा मागवला, हवालदाराला मध्ये घातले. ठाण्यात जे जे करतात ते सगळे झाले. खोटे बोलणारा माणूस अशा वेळी भरमसाट बोलतो, असा माझा अनुभव. हा एकच वाक्य धरून बसला होता.

"ते त्येनाच विचारा की साहेब. मी सांगायचं न्हवं ते."

संध्याकाळपर्यंत तो बाकड्यावर बसून होता. ठाण्यात कामाला येणारी माणसे त्याच्याकडे बघून जात होती. उठताना तो एवढेच म्हणाला, "गावचे लोक देवळात नारळ ठेवणार म्हणतायत. ठेवू देत. मी समोर येऊन उभा राहतो."

आमच्या भागात हे अजून चालते. वस्तू गेली, वाटणीवरून बिनसले, आजार हटेना, की ग्रामदेवतेसमोर नारळ ठेवून गाऱ्हाणे घालायचे. एक जण देवाला हाक मारून सगळे बोलून दाखवतो, जमलेले प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणतात. ज्याने केले असेल त्याला देव बघून घेईल, असा त्याचा अर्थ. कायद्याच्या पुस्तकात याला जागा नाही, पण चोरीचा माल रात्रीत परत अंगणात आलेला मी दोनदा तरी पाहिला आहे.

दुसऱ्या दिवशी हवालदार माझ्या टेबलाशी आला. तो त्याच पंचक्रोशीतला. "साहेब, एक गजाल सांगू? नारळ ठेवूक फोरमन आयकना नाय. कधी तब्येत बरी नाय म्हणता, कधी दिवस बरो नाय."

"मग दुसऱ्या कोणीतरी ठेवावा."

"तीच तर गजाल. गावात गाऱ्हाणा घालूचा म्हटल्यार फोरमनच. कोणाचो बैल हरवलो तरी तेकाच बोलयतत. आणि आपल्या घरची वस्तू गेली तर तेच्या तोंडात शब्द नाय."

मी हातातले काम बाजूला ठेवले. पोलिसांना अर्धवट जबाब देऊन चालते, तशी माणसे मी रोज पाहत होतो. पण हा माणूस देवासमोर उभा राहून 'ज्याने नेले त्याला' असे म्हणायला तयार नव्हता. काल पाहिलेले पायजमे आणि त्या तीन खुर्च्या तेव्हा माझ्या डोक्यात नीट बसल्या.

फोरमनना एकट्याला बोलावले. आल्याबरोबर त्यांनी बाथरूम कुठे म्हणून विचारले. जाऊन आले, बसले, पाणीही घेतले नाही. मी हवालदाराला दार ओढून घ्यायला सांगितले.

"फोरमन, विमान किती तासांचं?"

"दिल्लीसून पुढे पंधरा," ते म्हणाले.

"सीट कुठली?"

त्यांचा चेहराच उतरला. "मधली."

मग तेच बोलू लागले, हळूहळू, टेबलाच्या कडेकडे बघत.

"साहेब, माका लघवी ऱ्हवणा नाय. उठासर पायजमो भिजता. विमानात दोनय बाजूंक परकी माणसा. पट्ट्याचो दिवो लागलो की जाग्यावरसून उठूक दिणत नाय म्हणतत. घरात तीन खुर्च्यो लावन बसान बघलय. तासभर पण निघना नाय. थय सगळ्यांच्या मदी माजो पायजमो भिजलो तर? चेडू न्हेवक येतला, जावय येतलो. तेंच्यासमोर तसो उतरू?"

"काकींना माहीत आहे?"

"नाय."

"आणि कोणाला?"

ते उठले. पुन्हा बाथरूमला जाऊन आले. खुर्चीवर न बसता उभ्यानेच म्हणाले, "त्या पोराक. तेणाच माका मोटारसायकलीर म्हापशाक डॉक्टराकडे न्हेल्यान. कोणाक सांगू नको म्हणान मियाच तेच्याकडसून वचन घेतलय."

पासपोर्ट माळ्यावर होते, खाणीवरच्या जुन्या हेल्मेटात. विमान चुकले की आपोआप सुटका होईल, मुलीला वाईट वाटेल पण ती समजून घेईल, असा त्यांचा हिशोब. भाडेकऱ्याचे नाव बायको घेईल हे त्यांच्या ध्यानी नव्हते. आणि तिने ते घेतले तेव्हा त्यांना तोंड उघडता आले नाही, कारण तोंड उघडले की सगळेच सांगावे लागणार होते.

"तो काल दिवसभर त्या बाकड्यावर होता," मी म्हणालो. "त्याने एक शब्द सांगितला असता तर सुटला असता."

फोरमन रडले. मी माझ्या हयातीत पुष्कळ माणसांना रडताना पाहिले आहे, त्यातली निम्मी सुटण्यासाठी रडतात. हे रडणे तसे नव्हते. मला तिथे बसवेना. ज्या खोलीत मी काल त्या मुलावर आवाज चढवला होता, तीच ती खोली होती. आमच्या मातीतला एक माणूस आपली लाज झाकायला भायल्या पोरावर आळ येऊ देतो, आणि आम्ही सगळे, काकी, ठेकेदार, शेजारी आणि पोलीस, लगेच विश्वास ठेवतो. मलाच शरम वाटू लागली.

मी त्यांना सरळ सांगितले, "वस्तू घरातच मिळाली असे लिहून मी कागद बंद करू शकतो. पण त्या पोराचे नाव मला धुता येणार नाही. ते तुमच्याकडे आहे."

दोन दिवसांनी देवळात नारळ ठेवला गेला. मी साध्या कपड्यांत मागे उभा होतो. अख्खा वाडा जमला होता. तो मुलगा म्हटल्याप्रमाणे समोर येऊन उभा होता, इस्त्रीचा शर्ट घालून. फोरमननी नारळ ठेवला आणि त्यांचा जुना खणखणीत आवाज लागला.

"बा देवा म्हाराजा, आज तुज्यासमोर ह्यो नारळ ठेवलो हा, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.

"माज्या घरातले पासपोर्ट गेले, तेचो आळ ह्या पोरार इलो, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"तेणा घेवक नाय, म्हाराजा. ते मियाच लपयलेत."

या वेळी 'व्हय म्हाराजा' आले नाही. काकींनी वळून नवऱ्याकडे पाहिले आणि पदर तोंडाला लावला. लोक एकमेकांकडे बघू लागले. फोरमन हात जोडून तसेच उभे होते, कारण हुंकार आल्याशिवाय गाऱ्हाणे पुढे जात नाही. शेवटी एकच आवाज आला, बेळगावच्या हेलाचा.

"व्हय म्हाराजा."

का लपवले, ते कोणीतरी विचारणारच होते. त्याआधी त्या मुलाने पुढे होऊन नारळ उचलला आणि भटजींच्या हातात दिला. "फोडा आता," तो म्हणाला. "काकांना सामान भरायचं हाय."

फोरमन आणि काकी ठरल्या दिवशी कॅनडाला गेले. नारळ ठेवला त्याच रात्री काकींना फोरमननी सगळे सांगितले होते. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, काय घालून बसायचे तेही समजावून सांगितले. मुलीने विमान कंपनीशी बोलून कडेची सीट मिळवली. नातू झाला. पण ठेकेदाराने त्या मुलाच्या जागी दुसरा माणूस लावून टाकला होता. मी स्वतः जाऊन बोललो. तो म्हणाला, पोलिसांत नाव गेलेला माणूस नको. त्याच्यावरचा आळ गेला आहे, असे मी म्हणालो. त्याने मान हलवली आणि विषय बदलला.

गुन्ह्यामागे लोभ असतो, राग असतो, वासना असते, असे मी नव्या अधिकाऱ्यांना शिकवत आलो होतो. या प्रकरणानंतर त्यात लाजेची भर घातली. चौकशीत माणूस अडला की तो काय लपवतो आहे, याच्या आधी तो कशाला लाजतो आहे, हे बघायला सांगू लागलो. हे शिकायला मला जवळजवळ निवृत्तीपर्यंत वेळ लागला, आणि त्याची किंमत दुसऱ्याने भरली.

काही महिन्यांनी पेडण्याला एका लग्नाला गेलो होतो, तिथून हरमलला उतरलो. समुद्रावरच्या एका शॅकमध्ये तोच मुलगा टेबले पुसत होता. मला बघून हसला, खुर्ची ओढून दिली. मी बसलो.

"काकांचा फोन येत नाही," तो आपणहून म्हणाला. "त्यांना लाज वाटत असेल. तुम्ही सांगा त्यांना, मी रागावलो नाही म्हणून."

मी तिथेच फोन लावला. तिकडे सकाळ असावी. फोरमननी उचलला. मी कुठे आहे आणि समोर कोण उभे आहे ते सांगितले. ते दबक्या आवाजात म्हणाले, "साहेब, तेका विचारा, जेवलो काय?"

मी फोन त्या मुलाच्या हातात दिला. त्याने हातातले फडके खांद्यावर टाकले, माझ्याकडे पाठ केली आणि म्हणाला, "जेवलो काका. तुम्ही जेवलात काय?"