लाभार्थींची संख्या

आपल्याकडे आदर्श युवक व्हायचं असेल तर आधी अर्ज करावा लागतो. मराठीचा शिक्षक म्हणून, आणि निवृत्तीनंतरही, पनवेलमध्ये मी असे बरेच प्रस्ताव लिहून दिले. फोटो, वर्तमानपत्रांची कात्रणं आणि 'लाभार्थींची संख्या' या रकान्यात एखादा भरघोस आकडा. जगलेल्या रोपांपेक्षा रोपं लावतानाचे फोटो जास्त असायचे. आणि वर्गात मुलांना 'असे व्हा' म्हणून मी दाखवायचो तीही हीच मंडळी.

गेल्या वर्षी पळस्प्याजवळ राहणारी माझी एक जुनी विद्यार्थिनी आईला घेऊन घरी आली. तिथल्या हायवेच्या फाट्यावर अपघात झाला की ही धावत जाते, जखमींना बाहेर काढते, ॲम्ब्युलन्समध्ये सोबत बसते. आईला ते बंद करायचं होतं. परक्या पुरुषांना हात लावते, म्हणून गावात टोमणे ऐकावे लागत होते. सरकारचा पुरस्कार मिळाला तर हे चालू ठेवायचं, नाहीतर घरी बसायचं, असं मायलेकींत ठरलं होतं.

फोटो एकही नव्हता. "दोनी हात गुंतलेले असतात, सर," ती म्हणाली. ते निभावून नेता येईल म्हणून मी रकान्याकडे वळलो. आकडा अंदाजे सांग म्हटलं, सगळे अंदाजेच सांगतात.

तिने रकान्याचं नाव वाचलं. मग म्हणाली, "जे वाटेतच गेले, त्यांना लाभार्थी धरायचं का?"

इतकी वर्षं हा शब्द लिहीत आलो, त्याचा अर्थ मला कुणी विचारला नव्हता. तिने एका कंटेनरवाल्याचं सांगितलं. न्हावा शेवा बंदरातून माल घेऊन निघालेला, मराठीचा गंध नाही. दवाखाना येईपर्यंत तिचं मनगट घट्ट धरून होता. तो गेल्यावर ते नर्सने सोडवलं.

"त्याला काय लाभ झाला, मला ठाव नाय. नका लिवू."

सत्कारमूर्तींसाठी मी आजवर पुष्कळदा उभा राहिलो आहे, सगळे उठले म्हणून. त्या दिवशी खुर्चीत बसवेना. उठायला काहीतरी निमित्त हवं, म्हणून पाणी आणायला आत गेलो.

परत आलो तेव्हा आई लेकीचं मनगट हातात घेऊन बघत होती. "मला कदी बोलली नाय ही," ती मला म्हणाली, आणि अर्ज राहू द्या म्हणून सांगितलं. दारात चपला घालताना तिने लेकीला एवढंच बजावलं, "आता जाशील तवा सांगून जा. मी पन येईन."