तांबड्या दोऱ्याच्या गाठी

गल्लीत त्यांना सगळे ऑपरेटर म्हणत. थिएटर बंद पडून त्या जागी गोदाम उभं राहिलं, पण नाव काही बंद पडलं नाही. उभी हयात त्यांनी एका अंधाऱ्या केबिनमध्ये काढली, भिंतीतल्या चौकोनी भोकातून लोकांना दुसऱ्यांची सुखदुःखं दाखवत. मग एके दिवशी थिएटरला टाळं लागलं आणि ऑपरेटर घरी बसले. असा माणूस घरी बसला की घरच्यांची परीक्षा असते. ते दिवसातून चारदा मिक्सर उघडायचे आणि पाचव्यांदा तो बंद करता यायचा नाही. शेवटी त्यांनी गाडी घेतली, तेव्हा मिक्सर सुटला.

गाडी घेतली म्हणजे दोन घरांनी वापरून टाकून दिलेली घेतली. सात माणसांची, उंच, पांढरी, मागचं दार लावायला खांद्याचा धक्का मागणारी. ती पहिल्यांदा दारात आली तेव्हा ऑपरेटरांची बायको शिवणयंत्रावर होती. पुढच्या खोलीत बसून ती गल्लीभरचे कपडे शिवायची. पाय थांबवून ती बाहेर आली, गाडीकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं.

"हे धूड ठेवणार कुठे? माझ्या उशाला?"

तेव्हापासून गाडीचं नाव धूड. आणि जिने नाव ठेवलं, तिचाच जीव पुढे त्या धुडात अडकला. नावं ठेवणाऱ्यांचं असंच होतं.

धुडाचं इंजिन खणखणीत होतं. दुखणं होतं ते विजेचं. उजवीकडे वळायचा दिवा लावला की वायपर अंग झटकून उठायचा. काच खाली करायला गेलं की हॉर्नचा आवाज बसायचा. पण सुरुवातीला हे सगळं गमतीतच चाललं होतं. सुटीच्या सकाळी ऑपरेटर डॅशबोर्डखाली उताणे शिरत. बाहेर फक्त पाय. शेजारी बायको उकिडवी बसून टॉर्च धरायची आणि हळू आवाजात काहीबाही बोलत राहायची. मुलगा येता-जाता म्हणायचा, "आईला बरी नोकरी आहे. टॉर्च धरायची!" ती म्हणायची, "तू धर बघू पाच मिनिटं, हात गळून पडेल."

टॉर्च हे नुसतं निमित्त होतं. खरं तर ती रंग सांगत असायची.

लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हाची गोष्ट. गिऱ्हाइकाचं काम अडलं म्हणून तिने नवऱ्याला हिरव्या दोऱ्याचं रीळ आणायला धाडलं. त्याने आणलं तांबडं. ती पोट धरून हसली. "अहो, डोळे आहेत की बटणं?" तो हसला नाही. दार लोटून घेतलं आणि खाली बघत म्हणाला, "मला दोन्ही सारखेच दिसतात. लहानपणापासून. थिएटरात कळलं तर वायरींना हात लावू देणार नाहीत. कुणाला सांगू नकोस."

तिने सांगितलं नाही. आईला नाही, बहिणीला नाही, पुढे पोटच्या मुलालाही नाही. बायकांच्या पोटात काही राहत नाही म्हणणाऱ्यांनी तिचं पोट पाहायला हवं होतं. दुसऱ्याच दिवशी ती डबा घेऊन केबिनमध्ये गेली, सोबत ते चुकीचं रीळ. एकेका वायरीच्या टोकाला तिने दोरा बांधला. तांबड्या वायरीला एक गाठ, हिरवीला दोन, तपकिरीला तीन. दोरा सगळीकडे तोच तांबडा, त्या रिळाचा. "रंग गेला खड्ड्यात," ती म्हणाली, "बोटं तर शाबूत आहेत ना?" त्या गाठींवर ऑपरेटरांनी सगळी नोकरी निभावली. मशीन बिघडलं की अंधारात बोटांनीच वायर शोधायचे आणि मालक कौतुकाने म्हणायचे, "याला अंधारातही दिसतं!" शेवटचा खेळ सुटला की दोघं चालत घरी यायची आणि वाटेत तो विचारायचा, "बागेतल्या गाण्यात तिचा ड्रेस कोणत्या रंगाचा होता गं?" ती सांगायची. कधी आठवलं नाही तर ठोकून द्यायची. किती सुंदर दिवस होते ते! खिशात काही नसायचं आणि तिच्या हातात जगातले सगळे रंग असायचे, वाटायला.

धूड आलं तेव्हा रीळ पुन्हा बाहेर निघालं. पहिलं केव्हाच संपलं होतं, पण तिने तशाच तांबड्या दोऱ्याचं दुसरं आणून ठेवलं होतं. डॅशबोर्डखाली गाठी वाढत गेल्या. सून त्याच गाडीतून घरी आली. नात दवाखान्यातून त्याच गाडीतून आली, तेव्हा वायपर घरापर्यंत थांबला नाही आणि ऑपरेटर म्हणाले, "आनंद झालाय त्याला." गल्लीतलं कुणी आजारी पडलं, कुणाचं सामान हलवायचं असलं, की ऑपरेटरांच्या दारावर थाप पडायची. शर्टाची बटणं लावत ते धावत बाहेर यायचे. थिएटर गेल्यापासून वाकलेला माणूस स्टिअरिंगमागे बसला की ताठ व्हायचा.

मग ती सकाळ आली. तिच्या आईचं जास्त झाल्याचा फोन आला. दोघं अंगावरच्या कपड्यांनिशी गाडीत बसली, ऑपरेटरांनी चावी फिरवली आणि धुडाने नुसतं टक् केलं. पुन्हा टक्. रात्रभर कुठलासा दिवा जळत राहिला होता. दुसरी गाडी मिळवून ती पोचली तोवर आई गेली होती.

तिने नवऱ्याला एका शब्दाने दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं, कारण तिने बोलणंच टाकलं. ताट समोर ठेवायचं, पाणी ठेवायचं, यंत्रावर बसायचं. खरखर यंत्राची, बाकी घर मुकं. त्या मुक्या दिवसांत ऑपरेटर एकटेच धुडाखाली शिरले. पुन्हा असं होऊच द्यायचं नाही म्हणून त्यांनी चावीजवळचा सगळा जुना गुंता कापून नव्याने जोडला. खोलीतून तिला ते पाय दिसत होते. टॉर्च त्यांनी दातांत धरली होती. उठावं असं तिला वाटलं होतं. ती उठली नाही.

पुढे बोलणं सुरू झालं. माणसं किती दिवस गप्प बसणार? पण धुडाचं दुखणं तेव्हापासून हाताबाहेर गेलं. दर थोड्या दिवसांनी बॅटरी मेलेली. बॅटरी बदलली, ती चार्ज करणारं यंत्र बदललं, स्टार्टर बदलला. गॅरेजवाल्याला डॅशबोर्ड मात्र उघडू दिला नाही. "आतलं माझं मी बघतो," ऑपरेटर म्हणायचे, कारण आत गाठी होत्या. टॉर्च घेऊन ती पुन्हा बसू लागली होती, पण चावीजवळची ती जोडणी आली की ते म्हणत, "हे राहू दे, हे मी नीट तपासलंय." तीही खोदून विचारत नसे. त्या दिवसांकडे पुन्हा जायची दोघांनाही हिंमत नव्हती.

गेल्या आठवड्यात सून नातीला घेऊन निघाली आणि भर चौकात गाडी मेली. मागे ट्रकची रांग, आत पोर रडतेय, हॉर्नही वाजेना. त्या संध्याकाळी मुलाने आवाज चढवला नाही, म्हणून ते जास्त लागलं.

"बाबा, आता पुरे. रविवारी भंगारवाला टोचन करून नेईल. मी सांगितलंय त्याला."

"एकदा बघू दे मला."

"रविवारपर्यंत बघा."

ऑपरेटरांनी पाहिलं. रोज पाहिलं. रविवारी दुपारी ते पायरीवर येऊन बसले, दोन्ही हात मांडीवर उताणे.

"नाही सापडत गं," ते म्हणाले. "नेऊ दे. आता हातांत काही राहिलं नाही माझ्या."

 गाडी गेली असती तर ती दोन दिवस हळहळली असती. पण हातांत काही राहिलं नाही असं या माणसाने म्हणावं? थिएटर गेलं तेव्हाही तो असं म्हणाला नव्हता.

ती गाडी रिकामी करायला गेली. कप्प्यातला रुमाल काढला, गॉगल काढला. नातीची केसांतली पीन सीटखाली घरंगळली होती. ती काढायला टॉर्च घेऊन वाकली, हात पुरेना, म्हणून गुडघ्यांना शिव्या देत आडवी झाली आणि पीन मुठीत घेऊन उताणी वळली. इतक्या वर्षांत ती पहिल्यांदाच नवऱ्याच्या जागेवर पडली होती. एरवी ते वायर बाहेर ओढून दाखवत, तेवढीच ती बघे. आता सगळं पोटच समोर उघडं होतं. तिच्या गाठी! ही नात झाली त्या वर्षीची, ही सून आली तेव्हाची. धुळीने माखलेल्या, तरी तांबड्या.

आणि चावीमागे, अगदी आत, चार टोकांना हिरव्या गाठी.

ती बघतच राहिली. तिने हिरवा दोरा कधी बांधलाच नव्हता. कोणीतरी तिच्या शिवणाच्या डब्यातून रीळ उचललं होतं, तांबडंच समजून, आणि वायरींचे रंग अंदाजाने धरून गाठी मारल्या होत्या. एक गाठ एका गाठीला जोडलेली, दोन गाठी दोन गाठींना. बोटांना सगळं बरोबर. पण टॉर्चच्या उजेडात दिसत होतं की तांबडी वायर हिरवीला जोडली होती आणि हिरवी तांबडीला. चावी काढल्यावर जे झोपायचं, ते रात्रभर जागं राहत होतं आणि बॅटरी पिऊन टाकत होतं. हे कोणत्या दिवसांतलं काम, हे तिला कुणी सांगायला नको होतं. तिचे डोळे भरून आले. उताणं पडल्यावर पाणी कानात जातं, तसं गेलं.

"अहो!" तिने हाक मारली. "इकडे या. माझा डबाही आणा."

मुलगा फोन हातात घेऊन दारात उभा होता. "आई, काय करतेयस तिथे?"

"तुझ्या लेकीची पीन शोधतेय."

तिने कात्रीने हिरवे दोरे कापले, जोड सोडवले. डब्यातलं तांबडं रीळ घेतलं. एक गाठ. दोन गाठी. मग जागा बदलून ऑपरेटर आत शिरले आणि तिने एकेक टोक त्यांच्या बोटांत दिलं. ते चाचपू लागले. बोटं थांबली. पुन्हा चाचपली.

"हे मी केलं होतं," ते पुटपुटले. "तू बोलत नव्हतीस तेव्हा."

"माहीत आहे. आधी जोडा."

त्यांनी जोडलं. दुसरी बॅटरी लावून चावी फिरवली तसं धूड एका दमात सुरू झालं. दिवा लागला. हॉर्न वाजला तेव्हा पलीकडच्या घरातून कोणीतरी डोकावलं. चावी काढली आणि सगळं शांत झालं. बॅटरीतून वीज गळतेय का, ते ऑपरेटरांनी मीटर लावून पाहिलं. काटा जागचा हलला नाही.

मुलगा वाकून बघत होता. "एवढंच? दोन वायरी उलट? बाबा, इतकी वर्षं तुम्हाला दिसलं कसं नाही?"

ती चटकन म्हणाली, "त्या दिवशी टॉर्च धरायला मी नव्हते."

मुलगा हसला. "म्हणजे सगळा घोळ तुझ्यामुळे तर!"

"हो," ती म्हणाली. "माझ्यामुळेच."

"तिच्यामुळे नाही." ऑपरेटर डॅशबोर्डखालून बाहेर आले. शर्टाला धूळ, केस विस्कटलेले. ते मुलाकडे बघत होते. "मला तांबडं आणि हिरवं वेगळं दिसत नाही. कधीच दिसलं नाही. केबिनमध्येही नाही. आतापर्यंत सगळे रंग तिने सांगितले."

"अहो, काय गरज होती?" ती कुजबुजली.

मुलगा एकदा वडिलांकडे बघे, एकदा तिच्या हातातल्या रिळाकडे. खिशातला फोन वाजला. टोचनवाला पत्ता विचारत असणार. त्याने खिशातल्या खिशात तो बंद केला.

"अजून एक जोड बघायचाय," ऑपरेटर म्हणाले. "मागच्या दिव्याचा. तोही त्याच दिवसांतला."

मुलाने तिच्यापुढे हात केला. "टॉर्च दे, आई."

तिने दिली. गुडघे टेकून तो गाडीजवळ बसला, ती जिथे बसायची तिथेच.

"आधी रंग सांग," ती म्हणाली, "मग वायर हातात दे. आणि हळू बोल, गल्ली ऐकतेय."